जांभळं दार पिवळं झालं तेव्हा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलावरून आत वळलं की अब्दुल सत्तार पेंटरचं दोन खोल्यांचं घर लागतं. नवख्या माणसाला पत्ता सांगताना गल्लीतले लोक घरनंबर सांगत नसत. ‘जांभळं दार दिसलं की थांबा,’ एवढंच सांगत.

ते दार रंगवलं होतं आयशाबीनं, सत्तारच्या बायकोनं. सत्तार तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवत आला, आणि लोकांना हवे असत ते फिके, अंगावर न येणारे रंग. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती घोटून आल्यावर त्याला आपल्या घरात ब्रश उचलायचा कंटाळा येई. मग डब्यांच्या तळाशी जे उरलेलं असे ते आयशाबी एकत्र ओती, काडीनं ढवळी आणि असा काही रंग काढी, की कंपनीच्या कार्डावर त्याला नावच नसे. बाहेरची खोली मोरपंखी, स्वयंपाकघर पोपटी, भिंतीतले चार कोनाडे चार तऱ्हांचे.

आणि वस्तू. रंगकाम निघालं की माणसं घरातलं नको ते बाहेर काढतात. त्यातलं एखादं सत्तार मागून घेई आणि सायकलच्या हँडलला अडकवून आणी. कान तुटलेली चिनी मातीची बरणी, पाळण्यावरचा लाकडी मोर, अत्तराच्या रिकाम्या कुप्या, बैलाच्या गळ्यातली घंटा, पाडलेल्या घराच्या तावदानातली लाल काच. आयशाबी ती वस्तू धुऊन पुसून हातात घेई आणि दोन-दोन दिवस घरभर फिरे. मग एकदाची तिची जागा ठरे, आणि ठरली की ठरली. सत्तार जेवायला बसे तेव्हा भिंतीवर काहीतरी नवं असे; काय, ते तो कधी नीट बघत नसे.

आयशाबी मोर्शीकडची. तिचे वडील संत्र्याच्या बागा राखत. माहेरी बोलत तसंच वऱ्हाडी ती सासरीही बोलत राहिली. शेजारच्या पार्बताबाई म्हणत, “आयशाबी, तुह्या घरात आलं की जत्रेत आल्यावानी वाटते बाप्पा.” आयशाबी म्हणे, “मंग जत्रेतून उपाशी जाऊ नका. बसा, चहा ठेवते.”

साखरेचा आजार तिला जुनाच होता. गोळ्या घ्यायची, विसरायची, पुन्हा घ्यायची. एक दिवस ती दुपारी म्हणाली, “तुमी त्या बरणीवर काया दोरा काहून टांगला?”

सत्तारनं बघितलं. काळा-बिळा कसलाच दोरा नव्हता. ती मान वळवी तिकडे तो दोरा जाई.

साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुटत होत्या. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. वर्ष-दीड वर्षात डावा डोळा गेला. उजव्यात थोडं उरलं होतं, तेही ओल्या चादरीतून पाहिल्यासारखं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून बघू म्हणून सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस मान खाली घालून, पालथं पडून राहायचं होतं. करणारं बाईमाणूस हवं म्हणून आयशाबीनं तेवढे दिवस अमरावतीला निखतकडे, त्यांच्या एकुलत्या मुलीकडे, राहायचं ठरलं.

ऑपरेशन झाल्यावर सत्तारनं डॉक्टरांना अडवून विचारलं, “साहेब, कोणता रंग शेवटपर्यंत दिसते?”

डॉक्टर म्हणाले, असा कुठला एक रंग नसतो. पण उजळ आणि गडद शेजारी शेजारी असले की अधू डोळ्याला कडा सापडते. भिंत उजळ, चौकट काळी. उंबऱ्याला पट्टा. वाटेत सामान नको, भिंतींवर गर्दी नको. डॉक्टर एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. सत्तारच्या मनात मात्र ते औषधाच्या चिठ्ठीसारखं लिहिलं गेलं.

इतके दिवस तो नुसता दवाखान्यांच्या बाकांवर बसून होता. साखर त्याच्या हातातली नव्हती, पडदा त्याच्या हातातला नव्हता. रंग होता. तो अकोल्याला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भिंती खरवडायला घेतल्या.

मोरपंखी सहज निघेना. प्रायमरचे दोन हात दिले तरी खालून हिरवट डोकावायचं, तिसरा दिला. त्यावर लख्ख पिवळा. दारही पिवळं. चौकटी काळ्याभोर, उंबऱ्यावर पांढरा पट्टा. तिचा हात आपटू नये म्हणून चारही कोनाडे विटा घालून बुजवले, वर प्लास्टर केलं. वाटेतली लोखंडी पेटी पलीकडच्या भिंतीला सरकवली. वस्तू पुसून दोन पोत्यांत भरल्या आणि माळ्यावर टाकल्या.

पार्बताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “सत्तारभाऊ, तिले इचारलं का?”

“तिच्यासाठीच तं करून राहिलो.”

“थे खरं. पण इचारलं का?”

सत्तारनं ब्रश डब्यात बुडवला. फोनवर तो आयशाबीला एवढंच म्हणे, “तू ये तं खरी.” पालथ्या पडलेल्या बायकोचा आवाज उशीत दबून यायचा. तिला घरी यायची घाई झाली होती, आणि त्याला तिला घर दाखवायची.

निखत तिला एसटीनं घेऊन आली. रिक्षातून उतरून आयशाबी दारापर्यंत नेहमीसारखी चालत आली आणि थांबली. तिनं मान तिरपी करून उरलेल्या डोळ्यानं बघितलं.

“हे कोनाचं घर व्हय?”

ती थट्टा करते आहे असं सत्तारला वाटलं. “तुहंच. नीट पाय. दिसून राहिलं का नाई?”

“दिसून राहिलं,” ती म्हणाली. “सगयं पिवयं दिसून राहिलं.”

ती आत आली. डावा हात सवयीनं भिंतीवर गेला, वर-खाली फिरला आणि तिथंच राहिला. “घंटी कोठी गेली?” मग पुढे, “कोनाडा? निखत, इथला कोनाडा कोठी गेला वं?” सत्तार काहीतरी सांगायला लागला, पण ती ऐकत नव्हती. घाईनं दोन पावलं टाकून ती पेटीवर टेकायला म्हणून वाकली. पेटी तिथं नव्हती. ती तोंडावर पडली.

हाडबीड मोडलं नाही. गालाला खरचटलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारून विचारलं, “अजून उजाडलं नाई का?” तेव्हा ऊन उंबऱ्याच्या आत आलं होतं.

पुन्हा नागपूर. डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं होतं, पडदा सुटला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यामुळं झालं असेल, किंवा नसेलही. असे डोळे न पडताही जातात. आता काही करण्यासारखं राहिलं नाही. यातलं ‘पडल्यामुळं’ एवढंच सत्तारला ऐकू आलं. परतीच्या गाडीत तो निखतच्या मागच्या सीटवर बसला. बायकोच्या शेजारी बसायचं त्याला धाडस झालं नाही.

घरी आल्यावर आयशाबी खाटेवर बसून राहू लागली. मोरीत जायचं तरी पार्बताबाईंना हाक मारी. एके दिवशी सत्तारनं न राहवून विचारलं, “आयशा, पहिले तं तू एकटी फिरत होती. तवाबी दिसत नव्हतंच तुले फारसं.”

“मी दोन वर्सापासून डोयानं चालतच नव्हती,” ती म्हणाली. “घंटीले हात लागला की तिथून फिरायचं. मोर आला की उंबरठा. बरणीपासून चार पावलं चूल. मी तुमाले सांगतलं नाई, तुमी घाबरले असते म्हणून. सगयं घर माह्या हाताले पाठ होतं. तुमी थे पुसून टाकलं.”

त्याच दिवशी सत्तारनं माळ्यावरून पोती उतरवली. कोनाड्यांतलं प्लास्टर फोडलं. कामाचे निरोप येत होते, तो गेला नाही. पण पोत्यातली एकेक वस्तू हातात घेऊन तो भिंतीसमोर उभा राही आणि त्याला काही सुचत नसे. प्रत्येक वस्तू त्यानंच तर आणली होती. कोणत्या घरातून, कोणत्या साली, सगळं आठवत होतं. ती इथं कुठं होती, तेवढं तो सांगू शकत नव्हता. भिंतीवरची भोकंही त्यानंच पुट्टी भरून बुजवली होती.

निखतच्या मोबाइलमध्ये ईदचे फोटो होते. नव्या कपड्यांतल्या माणसांच्या खांद्यांमागे कुठे बरणीचं तोंड, कुठे मोराची शेपटी. सत्तार फोटो मोठा करून बोटानं अंतर मोजी आणि भिंतीवर खूण करी. मग आयशाबीला हाताला धरून उठवायचं. ती चाचपून बघायची.

“खाली. घंटी दोन बोटं खाली पायजे.”

तो खाली घेई.

“आता लय खाली गेली.”

दार त्यानं चार वेळा रंगवलं. वांग्याचा रंग आला, पिकल्या जांभळासारखा काळपट आला, विटकरीकडे झुकलेला आला. तिचा आला नाही. निखत काकुळतीला येऊन म्हणाली, “अब्बा, अम्मीले दिसत नाई आता. कोनासाठी करून राहिले?”

“मले दिसते नं,” सत्तार म्हणाला, आणि डबा उचलून दारामागं जाऊन उभा राहिला. निखतला नुसती त्याची पाठ दिसत होती.

चौथ्या कोनाड्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. सत्तारनं आयशाबीला त्याच्यापुढे आणून उभं केलं, तिच्या हातात एकामागून एक वस्तू दिल्या. कुप्या दिल्या, काच दिली, एक पितळी अडकित्ता दिला. ती प्रत्येक वस्तू आत ठेवी, काढी, पुन्हा ठेवी. मग तिनं अडकित्ता सत्तारच्या हातात परत दिला.

“मलेच याद नाई येत,” ती म्हणाली. “इथं काय होतं? मीच ठेवलं होतं, अन् मलेच याद नाई येत. डोये मिटले की ह्या कोनाड्याच्या जागी पिवयंच येते.”

ती तिथंच फरशीवर बसली आणि रडली. डोळा गेला त्या दिवशीही ती रडली नव्हती. सत्तार तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. त्याला कळलं, की ह्या बाईनं आयुष्यात शेवटचं जे घर बघितलं ते तिचं नव्हतंच. ते त्यानं केलेलं होतं, आणि ते आता कोणत्याही ब्रशनं झाकता येणार नव्हतं.

चौथा कोनाडा रिकामाच राहिला. बाकीच्या वस्तू जमतील तशा लागल्या, काही बरोबर, बऱ्याच अंदाजानं. सत्तार पुन्हा कामावर जायला लागला. सकाळी निघताना आणि आल्यावर, दिवसातून दोनदा तरी तो म्हणे, “माह्यामुयं झालं, आयशा.” बरेच दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एकदा भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, “हाव. चुकलंच तुमचं. सांगतलं एक खेप. आता मले रोज रोज थेच बोलाले लावू नका.”

ताट घेऊन ती उठली. सत्तार धरायला पुढं झाला तर म्हणाली, “राहू द्या.” डावा हात भिंतीवर टेकवून ती स्वयंपाकघराकडे निघाली. घंटेपर्यंत गेली, वळली, आणखी दोन पावलं गेली. मग भिंतीवरचा हात काहीतरी शोधत थांबला. ती तशीच उभी राहिली, ताट छातीशी धरून. सत्तार खाटेजवळ उभा होता. तिथं पूर्वी काय असायचं ते त्यालाही सांगता येत नव्हतं.