पारीवरची टेस्ट ड्राइव्ह

आमच्या घराण्यानं आजवर पुष्कळ तलाव बांधले. फोडला एकच, आणि तो मी फोडला.

(खरं तर तलाव नव्हे, बोडी. बोडी म्हणजे शेताच्या उशाला बांधलेलं घरचं लहानसं तळं. पण एकदा फुटायला लागली की बोडी काय आणि तलाव काय, अंगावर येणारा काटा सारखाच असतो.)

मी बी.एस्सी. आहे. घराण्यातला पहिला आणि गावातलाही पहिला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तरी गाव सांगतंच. गाव का सांगतं, ते पुढं कळेल.

पदवी घेतल्यावर नोकरीची वाट पाहिली. नोकरीनं माझी पाहिली नाही. मग मी व्यापारात पडलो. चिचगडकडच्या जंगलातल्या गावांतून मोह, हिरडा, बेहडा, चिंच गोळा करायची आणि गोंदियाच्या व्यापाऱ्यांना नेऊन द्यायची. धंदा बरा होता, पण गाडी भाड्याची. भाड्याचा ड्रायव्हर डांबर संपलं की ब्रेक मारायचा. "इथूनच आना जी माल," म्हणायचा आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपायचा. पुढं चिखल, नाला, दगड आणि मी! डोक्यावर पोतं घेऊन चालताना मी ठरवलं, आता स्वतःची डिझेल गाडी घ्यायची. जंगलात चढेल, चिखलातून निघेल, माल वाहील आणि सोयरिकीतल्या लग्नालाही नेता येईल अशी.

झालं! मोबाईलवर अभ्यास सुरू केला. बी.एस्सी.ला एवढा केला असता तर गावात गोल्ड मेडल आलं असतं. टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, डिफरन्शियल लॉक... झोपेतसुद्धा गिअर बदलायला लागलो. बायको वर्षा एकदा वैतागून म्हणाली, "अजी, मले पाहायले आले तवा चहा संपायच्या आत हो म्हनले. आन् या गाडीले पोळ्यापासून पाहून रायले!"

बाबूजींचं म्हणणं सरळ होतं. "पुढं मानसं मावली पायजे, मागं धान मावला पायजे. बाकी कायले पायजे?"

"बाबूजी, फोर बाय फोर पाहिजे. तिची चारही चाकं ओढतात."

"आन् दुसऱ्या गाडीची बाकीची दोन का उपवास करून रायतात?"

आता यांना डिफरन्शियल कसा समजवायचा? मी शिकलेल्या माणसाचं ते मंद हसू हसलो. (ते हसू आता मी कुठंच वापरत नाही.)

दसरा झाला आणि गोंदियाच्या शोरूममधून दीपकभैया नावाचे सेल्समन दाखवायची गाडी घेऊन थेट आमच्या अंगणात आले. लालभडक, डबल केबिन, मागं मालासाठी उघडा डाला. दीपकभैयांच्या गळ्यात टाय, पायात चकाकते बूट. बाबूजींनी गाडीला एक चक्कर मारली. बैलबाजारात मारतात तशी. मागच्या बाजूला थाप दिली. वाकून खाली पाहिलं. "कंबर चांगली हाये," म्हणाले. मग पुढं येऊन बोनेट उघडायला लावलं. ते दात पाहत होते!

तेवढ्यात माय आरतीचं ताट घेऊन आली. दीपकभैया घाबरले. "माताजी, अभी खरीदी नहीं है! सिर्फ टेस्ट ड्राइव्ह है!"

"मंग? पाहुनी तर हाये ना?" माय म्हणाली आणि तिनं गाडीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलंच.

आम्ही सगळे बसलो. मी स्टिअरिंगवर, शेजारी दीपकभैया, मागं बाबूजी, माय आणि वर्षा. डांबरी सडकेवर गाडी अशी निघाली की पोटातलं पाणी हलेना. मी आरशातून मागं पाहिलं.

"कशी वाटते बाबूजी?"

"सडकेवर का गा, बैलबंडीबी चालते."

"मग सांगा, कुठं चालवून दाखवू?"

बाबूजी खिडकीतून बाहेर पाहत होते. तिथं आमची बोडी दिसत होती. काठोकाठ भरलेली, आत आभाळ उतरलेली. बाबूजींनी बोट दाखवलं.

"पारीवर."

पार म्हणजे बोडीचा मातीचा बांध. आमची पार बाबूजींच्या आज्यानं बांधली. माती तुडवून, ठोकून, पावसाळ्यामागून पावसाळे राखून. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पार दाखवतात, मग पाणी देतात. या पारीचा एक नियमही आहे आणि तोही त्या आज्याचाच: दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरत नाही तोवर पारीवर चाक चढवायचं नाही. तोवर माती आतून ओली असते. आमच्या बैलांनासुद्धा हा नियम पाठ होता. सवयीनं ते पारीच्या पायथ्याशी येऊन थांबायचे.

मायला आठवलं. "अवो, मंडई नाई झाली अजून! पार वली हाये!"

"माझ्या आज्याची पार हाये ते," बाबूजी छाती काढून म्हणाले. "हत्ती चालला तरी हालनार नाई."

"आणि हत्ती फसला," मी म्हणालो, "तर माझी गाडी त्यालाही ओढून काढेल."

दीपकभैयांनी टाय सैल केला. "सर, टेस्ट ड्राइव्ह रोड पे होती है..."

त्यांचं कोण ऐकतो! गाडीची निवड कधीच मागं पडली होती. आता सवाल होता आज्याची पार मोठी की नातवाच्या पोराची पदवी मोठी. या पारीखाली आमचा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान पोटरीत उभा होता आणि शेवटच्या एका पाण्याची वाट पाहत होता. ते पाणी याच बोडीत होतं. ते मिळालं की वर्षभराचं पोट भरलं, नाही मिळालं तर पोचट धान. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण त्या क्षणी मला फक्त टॉर्क माहीत होता.

गाडी पारीवर चढली. माय उतरली. ("मी पायानं येतो बापा.") वर्षाही उतरली. पुढं थोडं गेलो आणि मागचं एक चाक हळूच, पाहुण्यानं उशीवर डोकं टेकावं तसं, मातीत बसलं.

मग मागून बाबूजींचा आनंदानं भरलेला आवाज: "पाय! धरली का नाई पारीनं गाडी?"

खालच्या शेतातून तुकारामकाका ओरडले. हे आमचे बांधाशेजारी. त्यांचा लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता आणि कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, शेताच्या बांधीत वाळत पडल्या होत्या. "काऊन बे, फसली का? माझे हल्ये आनू?"

हल्ये म्हणजे रेडे. बी.एस्सी. झालेल्या माणसाची फोर बाय फोर गाडी रेड्यांनी ओढायची? गावात तोंड दाखवायचं कसं?

"काही गरज नाही काका!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, सगळ्यात ताकदीचा गिअर टाकला, लॉक लावला आणि पाय दाबला.

काय ती ताकद! चारही चाकांनी पारीत नखं रुतवली. चिखल उडाला तो मायच्या लुगड्यावर, तिथून वर्षाच्या तोंडावर आणि काच उघडी असल्यामुळं दीपकभैयांच्या टायवर. गाडी आडवी सरकली, गुरगुरली, पारीच्या अंगात आणखी शिरली आणि मग उसळी मारून बाहेर! पुढं कोरड्या मातीवर जाऊन उभी राहिली. वर्षानं टाळ्या वाजवल्या. तुकारामकाकांनी दुपट्टा हलवला. मी मंत्र्यासारखा खाली उतरलो.

"पाहिलं बाबूजी?"

बाबूजी उतरले. त्यांना बोलायला जड गेलं, पण माणूस प्रामाणिक. "हो बापा. जिंकली तुही गाडी."

हे वाक्य मी जन्मभर ऐकायला तरसलो होतो. त्याचा पुरता घोट घेत होतो, तोच माय म्हणाली, "बापू, गाडीतून पानी गळून रायलं का?"

"रेडिएटर असेल माय," मी जाणकारासारखा म्हणालो. "गरम झाला की..."

पाणी गाडीतून येत नव्हतं. गाडी जिथून उसळी मारून निघाली होती, तिथं पार आडवी उखणली गेली होती. एका कडेला काठोकाठ बोडी, दुसऱ्या कडेला उतार, आणि मधे माझ्या चारही चाकांनी मन लावून खोदलेला पाट. पाणी त्यातून हळूच, विचारपूस करत चाललं होतं. बोटभर. मग हातभर.

"पोते आन बे!" बाबूजी ओरडले आणि स्वतःच त्या पाटात बसले! पाणी त्यांच्या दोन्ही बगलांतून जायला लागलं. पोती घरी होती. नव्या गाडीत काय असणार? मी पायाखालची रबराची मॅट काढून टाकली. गेली वाहून. दुसरी टाकली.

"अरे भैया, मॅट कंपनी की है!"

वर्षानं मातीचे ढेले टाकले, मायनं पळसाच्या फांद्या टाकल्या, मी शर्ट काढून टाकला. पाण्यानं सगळं स्वीकारलं आणि पुढं पाठवलं.

मग बाबूजींना सुचलं. "गाडी घाल तिच्यात! आडवी घाल!"

दीपकभैयांनी बोनेटला मिठी मारली. कुंकू त्यांच्या कपाळाला लागलं. "बाबूजी, हात जोडता हूँ! मेरी नौकरी चली जाएगी!"

खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. लांबी बरोबर बसत होती. पण पाणी गाडीच्या खालून आरामात गेलं असतं. ग्राउंड क्लिअरन्स जास्त असण्याचाही तोटा असतो, हे एकाही व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

मी बाबूजींना बखोटं धरून बाहेर ओढलं, आणि पार भसकन बसली.

पाण्याचा लोंढा आधी तुकारामकाकांच्या बांधीत शिरला. कडपा उचलल्या गेल्या आणि निघाल्या. काका कोंबड्यांमागं धावावं तसे आपल्या धानामागं धावत होते. "माझा धान! अबे, माझा धान चालला!" मागून गाव आलं. कुदळ-फावडी घेऊन आलं असेल असं मला वाटलं. गाव टोपल्या, जाळी, मच्छरदाण्या घेऊन आलं होतं. रोहू, मांगूर, जे हाती लागेल ते! कोणी मला पाहून म्हणालं, "वा गा भाऊ, दरवर्षी फोडत जा!"

संध्याकाळी गावातल्या घराघरांतून मासोळीच्या रश्श्याचा वास येत होता. आमच्याकडे चूल पेटली नव्हती. तुकारामकाकांकडून काकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. ज्यांचा धान आम्ही बुडवला त्याच! "घ्या बाई," मायला म्हणाल्या, "तुमच्याच बोडीतले हायेत."

बाबूजी जेवले नाहीत. ते पारीच्या उरलेल्या तुकड्यावर जाऊन बसले होते. रोज बसायचे तिथंच, फक्त समोर पाणी नव्हतं. मी जवळ गेलो. त्यांनी शिव्या द्याव्यात, चप्पल काढावी, अशी माझी फार इच्छा होती.

"बाबूजी, माझ्यामुळं..."

"तुह्या येकट्यामुळं काऊन? पारीवर ने म्हनून मीच म्हनलो ना." त्यांनी पारीतलं एक ढेकूळ उचलून खालच्या चिखलात टाकलं. "आज्यानं सांगतलं होतं. मंडई होऊ द्या म्हनून."

मार खाल्ला असता तर दोन दिवसांत विसरलो असतो. हे वाक्य अजून विसरलो नाही.

भारी धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही; ते काकांच्या बांधीतून थेट नाल्याला लागलं होतं. लोंब्या सरळ उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते, पोचट ताठ उभी राहते. त्या ताठ धानाकडं पाहिलं की मला का कोण जाणे माझा पदवीदान समारंभातला फोटो आठवायचा. जो काही धान झाला त्यातून आधी तुकारामकाकांची भरपाई केली, आणि गाडीसाठी साठवलेलं सगळं उन्हाळ्यात पारीत घातलं. अक्षरशः पारीत घातलं, थर देऊन, ठोकून!

पुढं गाडी घेतली. जुनी, साधी डिझेल पिकअप. पुढं माणसं मावतात, मागं धान मावतो, दोन चाकं ओढतात आणि दोन उपवास करतात. डांबर संपलं की मी ब्रेक मारतो, पोतं डोक्यावर घेतो आणि चालतो. दीपकभैयांचा अजूनही दर दसऱ्याला फोन येतो. "सर, नया मॉडेल आया है! बस, टेस्ट ड्राइव्ह शोरूम के अंदर होगी."

बोडीला पाणी परत आलं, पण पार आता एकसारखी दिसत नाही. जोडलेल्या जागी मातीचा रंग वेगळा आहे. गावानं त्या जागेला नावही दिलं. "म्हशी कुठं गेल्या बे?" "बीएस्सीजवळ बसून रायल्या." "कपडे कुठं धुतले व?" "बीएस्सीवर." बोडीवर आज्याच्या नावाचा घाट आहे, माझ्या नावाची फूट आहे.

परवा वर्षाच्या माहेरचे दूरचे पाहुणे आले. रिवाजाप्रमाणं बाबूजी त्यांना आधी पारीवर घेऊन गेले. मी मागं मागं.

"हे पार माझ्या आज्यानं बांधली," बाबूजी म्हणाले. चालत चालत रंग बदलतो त्या जागी आले, थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आन् हे इथली, हे आमच्या पोराची."

पाहुण्यांनी आदरानं माझ्याकडं पाहिलं. "वा! यानंबी बांधली का?"

"नाई गा," बाबूजी म्हणाले. "तो शिकलेला हाये."