बेंबीवरची शिवराई

वारूळवाडीत आमच्या शेजारी धर्माजीभाऊ राहतात. एसटीत कंडक्टर होते, तळेघरच्या गाडीवर. जुनी नाणी गोळा करायचा नाद त्यांना तिथंच लागला. प्रवाशानं जुनं नाणं दिलं, की स्वतःच्या खिशातलं चालतं नाणं बॅगेत टाकायचे आणि जुनं ठेवून घ्यायचे. मला विचाराल तर हे रिकामटेकड्याचं काम, पण भाऊंना त्यापायी जेवायला वेळ नसायचा. पेठला रस्त्याच्या कामात जुनी घरं पडायला लागली, तर जेसीबीच्या आधी हे हजर. घर उभारताना मेढीखाली नाणं पुरायची आपल्याकडे रीतच आहे. बारशाला गेले की लोक पोराचं तोंड बघत, हे पोट बघत. तान्ह्या पोराची बेंबी फुगली की तिच्यावर तांब्याचं जुनं नाणं ठेवून फडकं बांधतात. नाणं कुणाचं, असं ते सरळ आजीलाच विचारायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पोर धावायला लागलं की ते नाणं मात्र भाऊंच्या डब्यात आलेलं असायचं.

डब्यातलं पहिलं नाणं घरातलंच होतं. शीलावहिनींचं माहेर तळेघर. त्या तान्ह्या असताना त्यांच्या बेंबीवर बांधलेली शिवराई आईनं जपून ठेवली होती, आणि वहिनींना मुलगा, आदेश, झाला तेव्हा बाळंतविड्याबरोबर पाठवली. काळी ठिक्कर, कडेला दोरा ओवायला पाडलेलं भोक. नाणं घासलं की मेलं, हा भाऊंचा नियम. म्हणून देवाची भांडी चिंचेनं लख्ख करणाऱ्या वहिनींनी तिला कधी चिंच लावली नाही.

दोघांचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. उन्हाळ्यात मीना नदी आटली की भाऊ घाटाखालची वाळू चाळायचे. मयताच्या तोंडावर ठेवलेलं नाणं राखेबरोबर नदीत जातं, ते तिथं सापडतं. वहिनींना ते बघवत नसे. "नदीत गेलं की ते कुणाचंच नसतंय," हे भाऊंचं ठरलेलं उत्तर. कुणाचं का नसेना, माझ्या घरात नको, हे वहिनींचं. शेवटी नदीतल्या नाण्यांचा डबा गोठ्यात गेला. नारायणगावच्या पोपटलालशेठचा कल्पेश, कापडाच्या दुकानात बसून कंटाळलेला, भाऊंच्या नादानं वाळू चाळायला लागला तेव्हा त्यालाही भाऊंनी आपलं हेच उत्तर शिकवलं.

गेल्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. भाऊ रडले नाहीत. ओसरीवर बसून आल्यागेल्याला चहा घेतला का विचारत होते. आदेश चाकणहून आला. तोंडावर ठेवायला नाणं द्या, असं कुणी तरी म्हणालं, तसा त्यानं बापाचा डबा उघडला, चांगली चांगली नाणी बाजूला सारली आणि एक काळं, भोकाचं उचलून दिलं. तेरावं झाल्यावर भाऊंना डब्यात शिवराई दिसेना. आदेश म्हणाला, मला वाटलं ते खराबच आहे. भाऊ "बरं" म्हणाले आणि डबा बंद केला, तो केलाच.

मला आदेशचा राग आला, आणि भाऊंचा त्याहून जास्त. माणसानं इतकं दगड असू नये, असं मी त्यांना तोंडावर बोललो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, दाढ काढायच्या आधी भूल देतात ना, तसं झालंय. आपलाच गाल आपल्याला कळत नाही.

वैशाखात एक दिवस कल्पेश रुमालात काही तरी बांधून आला. मी तिथंच होतो. घाटाखालच्या वाळूत शिवराई सापडली होती, पण भोक पडलेली. अशा नाण्याला कोण विचारतं, ठेवू का टाकू, असं तो विचारत होता. भाऊंनी ती तळहातावर घेतली, भोकावरून अंगठा फिरवला. परत परत फिरवतच राहिले. कल्पेश गडबडला. कुणाचं असेल हो काका, म्हणाला, आणि स्वतःच हसून पुढं म्हणाला, तुम्हीच सांगता, नदीत गेलं की कुणाचंच नसतं.

"ही हाय," भाऊ म्हणाले. "आदेशच्या आईची हाय."

कल्पेशनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि चहा न घेताच गेला.

भाऊ उठले. दारात गेले, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि थांबले. मग तसेच मागं वळून गोठ्याकडे निघाले. मी मागोमाग गेलो. म्हटलं, भाऊ, ही वहिनींचीच आहे, हिला तरी आत न्या.

"नदीतलं हाय," ते म्हणाले. "घरात तिला चालत न्हाई."

त्यांनी शिवराई पत्र्याच्या डब्यात ठेवली. झाकण काही लागेना. मी लावायला पुढं झालो, तर भाऊ गव्हाणीला धरून रडत होते.