मांगरातलं बाळंतपण

गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने मोबाईलवर एक फोटो टाकला. आमच्या कलमांच्या बागेतला मांगर, म्हणजे पेट्या, फवारणीचे पंप आणि पेंढा ठेवायची चिऱ्याची खोली. आंब्याच्या पेटीत पेंढ्यावर निजलेलं लालबुंद बाळ, आणि वर पुतण्याने चिकटवलेली चमचमती चांदणी. खाली लिहिलेलं, 'आमच्या बागेतला नाताळ.' फोटो मागच्या वर्षीचा. लोकांनी हात काय जोडले, बदाम काय पाठवले! मुंबईच्या कुणा बाईने लिहिलं, किती पवित्र!

माझं डोकंच फिरलं. पवित्र? अहो, ते बाळ पेटीत पोचलं कसं, हे विचारलंत का कुणी? कुणी विचारलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. चौथीत शाळा सुटली माझी. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत पुढचं शिकले. तेव्हा एखादं वाक्य इकडेतिकडे गेलं तर चालवून घ्या, पण वाचा.

येशूची गोष्ट मला आमच्या नर्सबाईंनी सांगितलेली. त्या ख्रिस्ती. इथल्या उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली, वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. निवृत्त झाल्यावर दुपारच्या आमच्या पडवीवर येऊन बसायच्या. मी भिजवलेले वाल सोलायची, त्याही सोलू लागायच्या, आणि हात चालता चालता गोष्ट निघायची. शिरगणतीसाठी नवराबायको परगावी निघालेले, तिचे दिवस भरलेले, गावातला धर्मशाळेवालाही उतरायला जागा देईना. शेवटी गोठ्यात बाळंत झाली आणि पोर गुरांच्या गव्हाणीत ठेवलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "त्या धर्मशाळेवाल्याची बायको कुठे होती?"

"ते काही लिहिलेलं नाही, बाय."

"लिहिणारे पुरुष असणार! बाईने लिहिलं असतं तर आधी तिचंच नाव सांगितलं असतं. नवरा नाही म्हणाला, ठीक. पण पोटुशी बाई दारात कळा देतेय आणि ही आत काय करत होती? भांडी घाशीत होती?"

नर्सबाई इतक्या हसल्या की सोललेल्या वालांचं ताट कलंडलं. मी मात्र हसले नव्हते. दर नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा यायचा, आणि दर वेळी मी त्या न लिहिलेल्या बाईला मनातल्या मनात चार शिव्या घालायची. ती कोण, हे मागच्या वर्षी कळलं.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. माझ्या थोरल्या जावेचं महालक्ष्मीचं उद्यापन. मधल्या खोलीत घट मांडलेला, संध्याकाळी सात सवाष्णी यायच्या होत्या. मी विधवा. हळदीकुंकवाला मला कोण विचारतंय? मी मागे पुरण वाटत बसलेली. तेवढ्यात बागेचा नेपाळी राखणदार मागील दारी धापा टाकत आला. त्याची बायको मागे दगडी कुंपणाच्या गडग्याला धरून उभी, कपाळावर घाम. अजून तीन आठवडे बाकी होते तिचे.

"काकी, इसको बहुत दुखता है."

मी नर्सबाईंना फोन केला, पुतण्याने दवाखान्याच्या गाडीला केला. गाडी म्हणाली, निघतो, पण वर चढून यायला वेळ लागेल. आणि राखणदाराची पत्र्याची खोपी पार बागेच्या टोकाला. त्या बाईला तिथवर परत चालवत न्यायचं म्हणजे वाटेतच व्हायचं काहीतरी. मी उठून तिचा दंड धरला. इतक्यात जाऊ आली.

"कुठे आणत्येस तिला?"

"वहिनी, कळा सुरू झाल्यात हो."

"ते दिसतंय मला. पण आत घट आहे. घरात बाळंतपण झालं की घराला सोयर. चार गुरुवार निरंकार उपास केलेत मी, आणि आज सात जणी जेवायला सांगितल्यात. त्यांना काय सांगू?"

"मग ही जाईल कुठे?"

"मांगर आहे की! पेंढा आहे, आडोसा आहे. तूच सांग तिला, तुझं ऐकते ती."

आणि मी सांगितलं. आमच्या घरात सात खोल्या. त्यातल्या तीन मुंबईकरांसाठी कुलपात, मे महिन्यापुरत्या उघडायच्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. तो तसाच कमरेला ठेवून मी त्या बाईला म्हटलं, "मांगरात चल गो. पेंढा आहे, ऊब आहे." आणि कसं म्हटलं? गोड आवाजात! बाजूला बसायची सवय लागलेली मी, दुसरीला बाजूला बसवायची वेळ आली तेव्हा एका शब्दाने अडले नाही.

ती वळली.

नर्सबाई साडी खोचून धावतच आल्या. "बाळंतीण कुठे?" म्हणाल्या. मी मांगराकडे हात केला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी उकळ. कात्री टाक त्यात." फवारणीच्या औषधाचा वास मारणाऱ्या गोणपाटावर मुलगी झाली. पेंढा टोचत होता, पायाखाली मुंग्या होत्या. बाळ खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून नर्सबाईंनी पेटीत पेंढा पसरला, वर आपल्या पिशवीतला धुतलेला पंचा घातला आणि बाळ ठेवलं. पुतण्याने फोटो काढला तो तेव्हा. पाठोपाठ गाडी आली आणि मायलेकींना दवाखान्यात घेऊन गेली.

संध्याकाळी सवाष्णी आल्या, पुरणपोळ्या जेवल्या. एक म्हणाली, "बरं झालं हो, घरात नाही झालं." दुसरी लगेच, "पण लेक झाली! लक्ष्मीच्या दिवशी लक्ष्मी आली तुमच्या बागेत!" सगळ्यांनी मान डोलावली. म्हणजे बघा, लक्ष्मी यायला हवी, पण मांगरात यायला हवी. अंघोळ करून वाढायला उभी राहिलेली मी, टोपलं तिथेच ठेवलं आणि बाहेर आले.

नर्सबाई पायरीवर चहा घेत होत्या. मी चिडूनच विचारलं, "तुमच्या येशूने पाळली असती का हो सोयर?"

त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "मोठा झाल्यावर तो गावोगाव फिरायला लागला ना, तेव्हा गर्दीत एका बाईने मागून त्याच्या कपड्याला हात लावला. बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिला कुणी शिवून घेत नसे. तिला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने तिला मुली म्हणून हाक मारली. अंघोळीला काही पळाला नाही."

"आणि लोक?"

"लोक नेहमीचेच. हात वाळलेल्या माणसाला त्याने विसाव्याच्या वारी, काम वर्ज्य त्या दिवशी, बरं केलं, तर म्हणाले, आजच कशाला, उद्या करायचंस."

"आमच्याच वाडीतले दिसतात."

या वेळी त्या हसल्या नाहीत. "बाय, मी त्याचं नाव घेणारी. पण तुमच्या दारात मी तरी कुठे भांडले? गप मांगरात गेले की नाही?"

म्हणून म्हणते, चांदण्या चिकटवू नका. गोठ्याला कापूस लावता, दिवे सोडता, आणि वर म्हणता काय तो साधेपणा! तो साधेपणा नव्हता. दारं लावून घेतली होती लोकांनी. त्या गव्हाणीत बघण्यासारखं काही असेल तर तेवढंच आहे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी मायलेकींना परत सोडून गेली. तिचा नवरा त्यांना मांगरातच घेऊन गेला. खोपीत वारा लागतो म्हणाला. जावेला न विचारता मी मुंबईकरांची एक खोली उघडली, झाडली, खाटेवर गादी घातली आणि बोलवायला गेले.

"चल, घरात चल. खोली तयार केलीय."

नवरा उठलाच होता. तिने त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं. मराठी तिला मोडकंतोडकं यायचं, पण तेव्हा बोललेलं अगदी सरळ होतं.

"नको काकी. दरवाजा त्या दिवशी पाहिजे होता. आता गरम पाणी पाहिजे."

मी पाणी आणायला गेले. मागील दारी जाऊ उभी. "शिवलीस ना तिला? आता दहा दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

"नाही टाकत. करा तुम्हीच दोन्ही वेळचं."

दहा दिवस बाहेरच्या चुलीवर पाणी तापवलं, वाहिलं, पोरीला खोबरेल लावून न्हाऊ घातलं. जेवले त्यांच्याच बरोबर, तिचा नवरा शिजवायचा ते भात नि बटाटे. ती मला पोर हातात द्यायची, पण देताना माझ्याकडे बघायची नाही. आणि हे लिहिलं म्हणून मला कुणी चांगलं म्हणायला येऊ नका. पाणी कुणीही वाहतं. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या.

या हंगामात ती दोघं आमच्याकडे आली नाहीत. खाडीपलीकडच्या बागेत राखणीला आहेत म्हणे, पोरगी चालायला लागलीय. परवा जेवताना विषय निघाला, तर जाऊ म्हणाली, "त्यांचं काय गो, ती कुठेही राहतात."

"कुठेही नाही राहत, वहिनी," मी म्हटलं. "आपल्याकडे नाही राहिली."

ती ताट घेऊन उठली.