चेहरे बघून फोकस

बालीगंजच्या आमच्या मराठी मंडळात स्लाइड्स दाखवायचं काम एका गृहस्थांचं. नोकरी खिदिरपूरच्या गोदीत. पडदा म्हणून टांगलेली चादर हलू नये म्हणून ते आधी पंखा बंद करायला लावत, आणि आम्ही घामाने भिजून बसायचो. प्रत्येक चित्र आधी हटकून धूसर. लोक ओरडायचे, "फोकस, फोकस!" पहिल्या रांगेपुढे प्रोजेक्टर ठेवून हे गृहस्थ पडद्याकडे पाठ करून उभे. आमच्या तोंडांकडे बघत भिंग फिरवायचे. कपाळांवरच्या आठ्या गेल्या की हात थांबायचा. मला याचं भारी कुतूहल. एकदा विचारलंच. म्हणाले, "फोटो मीच काढलेत हो. मला धूसरसुद्धा स्पष्टच दिसतात."

त्या वर्षी मागच्या गणपतीच्या स्लाइड्स होत्या. एका स्लाइडला त्यांचा हात भिंगाकडे गेलाच नाही. आरतीचं तबक घेतलेला कुणी उंच माणूस, एवढंच कळत होतं. पुढे बसलेल्या वहिनींचे यजमान ते. उन्हाळ्यात वारले होते.

"दमट हवेनं खराब झालीय," असं पुटपुटत ते स्लाइड काढू लागले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "नीट करा. बघू दे मला."

त्यांनी भिंग फिरवलं. या वेळी मात्र आमच्याकडे पाठ करून, पडद्याकडे बघत.