फाट्यावर उतरणारे

समोरच्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीतून नारळ डोकावताना दिसला, आणि बसमध्ये मला एकदम थकल्यासारखं झालं.

बाळूला, माझ्या धाकट्या भावाला, एड्स झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात त्यावर औषधच नव्हतं. मग कुणीतरी डोंगराकडच्या एका वैद्याचं नाव सांगितलं. दर अमावास्येला तो काढा द्यायचा. कुणी विचारलंच तर देवाला चाललोय म्हणायचं, म्हणून आम्ही पिशवीत नारळ घ्यायचो. बसमध्ये आणखी चार-सहा जण तसेच असायचे. वाळलेले, खिडकीबाहेर बघत बसलेले, मांडीवर नारळ. त्या फाट्यावर देऊळ नव्हतंच. तरी कंडक्टर हाक द्यायचा, "चला, देवाचे लोक, उतरून घ्या!"

काढ्यावर आमचा फार विश्वास होता असंही नाही. "अक्का, घरात नुसतं बसवत नाही गं," बाळू म्हणायचा. मरणाची वाट बघणाऱ्यालाही कुठेतरी जावंसं वाटतं. लोक त्याला भाबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. परतताना फाट्यावरच्याच दगडावर आम्ही नारळ फोडायचो. घरी आल्यावर शेजारी तो प्रसाद कपाळाला लावून खायचे. खरं कळलं असतं तर ते आमच्या दारातही उभे राहिले नसते.

त्या नारळवाल्या बाईसमोर बसले त्या दिवशी, बाळू गेल्यावर पहिल्यांदाच, त्याच बसने मी पुढच्या गावी निघाले होते. तिकीट देताना कंडक्टरने माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं.

"ताई, आज नारळ नाही?"

मी नुसती मान हलवली.

फाटा आला तेव्हा त्याने नेहमीचीच हाक दिली, पण जरा हळू.