तिच्याच खात्यावर बंद पडणारा नकाशा

कॉम्प्युटर बिघडला की मी चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने तपासते: वीज, केबल, नुकतंच काय बदललं आणि कोण बसलं होतं. बहुतेक बिघाड दुसऱ्या पायरीपर्यंत सापडतो. कोणाच्या तरी पायाने केबल निघालेली असते आणि तो पाय आपला नव्हता, असं खोलीतली प्रत्येक जण सांगते. पण या वेळी चारही पायऱ्या संपल्या आणि तीन आठवडे माझ्या हाती काहीच लागलं नाही.

आमची संस्था लहान आहे. नंदुरबारात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. डोंगरातल्या गावांना त्यांच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी नकाशे लागतात, ते आम्ही करतो. गावकरी मोबाइल घेऊन आपल्या हद्दीवरून चालतात, वाटेत खुणा नोंदवतात. त्या खुणा आमच्याकडे उपग्रहाच्या फोटोवर बसवायच्या आणि नाले, शेतं, चराईची जागा, देवाची जागा असं सगळं काढायचं. हे काम धडगावकडच्या आठ बायका शिकत होत्या. चार-पाच जणी घरी लेकरं ठेवून आलेल्या, सगळ्या एकाच वसतिगृहात राहणाऱ्या. मी जवळच्याच कोरीट गावची, लग्नानंतर नंदुरबारची. आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचे कॉम्प्युटर सांभाळायचे, आता इथे किल्ल्यांपासून इन्व्हर्टरच्या पाण्यापर्यंत सगळं माझ्याकडे असतं.

या आठ जणींमध्ये एक होती, तिची कायम होण्याआधीची तीन महिन्यांची परीक्षा संपत आली होती. कायम झाली तर ती वसतिगृह सोडून शहरात खोली घेणार होती आणि सहा वर्षांच्या मुलीला आजीकडून इकडे आणून शाळेत घालणार होती. हे ती सगळ्यांना सांगायची, मलाही दोनदा सांगितलेलं. मधे मुलगी आजारी पडली म्हणून ती गावी गेली, काम मागे पडलं. आणि परत आल्यापासून नकाशाचा प्रोग्राम तिच्यापुढे टिकेना.

अर्धा नाला काढून व्हायचा, पडदा पांढुरका व्हायचा, बाण फिरत राहायचा आणि प्रोग्राम बंद. त्या दिवशीचं निम्मं काम गेलं. बाकीच्या तिला चिडवायच्या.

"तुझ्या गावात पाणी फार. मशीन वाहून गेलं बघ."

"तुझ्या गावात पाणीच नाही, म्हणून तुझं चालतंय," ही म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आमच्याकडे प्रत्येकीचं खातं सर्व्हरवर आहे. सोप्या भाषेत, प्रत्येकीचं एक कपाट सर्व्हरमध्ये. कुठल्याही टेबलावर बसा, आपलं नाव आणि पासवर्ड टाका, आपलं कपाट तिथे उघडतं. त्यात तिचे नकाशे असतात आणि नकाशाच्या प्रोग्रामची एक छोटी फाइल असते: कुठली पट्टी कुठे ठेवली, शेवटचा फोटो कुठला उघडला, असलं काहीबाही. प्रोग्राम चालू असताना त्या फाइलीत सारखं लिहीत असतो.

मी मशीन बदललं. दुसऱ्या मशीनवरही तेच. प्रोग्राम काढून नव्याने टाकला, तेच. मग सर्व्हरवरचं खातं सोडून त्याच मशीनवरच्या साध्या खात्यातून उघडून पाहिला, तर संध्याकाळपर्यंत शिंकलासुद्धा नाही. म्हणजे मशीन ठीक, प्रोग्राम ठीक. भानगड सर्व्हरवरच्या खात्यात. एवढं कळलं तेव्हा मला फार हुशार वाटलं. ते दोन दिवस टिकलं.

सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अर्थिंग बघा. तिकडे अर्थिंगचा प्रॉब्लेम असतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... तुमच्या साइडला."

"आमच्या साइडला मी स्वतः उभी राहून खड्डा करून घेतलाय, मीठ-कोळसा घालून. पुढचं सांगा."

पुढचं त्याने सांगितलं: खातं खराब झालं असेल, नवं करा. मी नवं खातं केलं, नवा पासवर्ड दिला. पूर्ण दिवस काही झालं नाही. ती इतकी खूश झाली की जाताना मशीनला हात जोडून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम पुन्हा बंद.

संस्था चालवणारे आमचे सर तापीकाठच्या शेतकरी घरातले, माणूस सरळ, पण तारखेचा पक्का. मला केबिनमध्ये बोलावलं. चिडले की ते अहिराणीवर येतात.

"ताई, त्या पोरनं मशीन रोज कसं काय बंद पडस?"

"मशीनले काहीच व्हयेल नही."

"मंग तिले व्हयेल शे का? बाकीनास्नं चालस, हिनंच कसं नही? हिनाकडून काम नही व्हवाव. शनिवारले मी तिले सांगी देसू."

म्हणजे शनिवारी ते तिला काढणार, आणि शनिवारला तीन दिवस होते. मला ते पटलं नाही. पण पटत नाही हे काही उत्तर नसतं, कारण दाखवावं लागतं. मी खुर्ची ओढून बसले आणि ठरवलं की आता तिच्याच खात्याने मी स्वतः काम करून बघायचं.

गुरुवारी दुपारी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं. माझं मशीन दारापाशी आहे, बाकीची आठ आत, ओळीने. तिने पासवर्ड टाकला, मी प्रोग्राम उघडला आणि तिच्या गावची पश्चिमेची हद्द पुढे काढायला लागले. ती माझ्या शेजारी उभी. तिसरी खूण जोडली आणि माझ्यासमोर पडदा पांढरा झाला.

त्याच क्षणी आतून आवाज आला, "ए, गेलं गं!"

"माझंही गेलं!"

"आता कोण शिरलं?"

मी शेजारी पाहिलं. जिचा प्रोग्राम बंद पडतो ती तर माझ्याजवळ उभी होती. मग आत कोणाचं काय गेलं? मी उठले आणि ओळीने प्रत्येक पडद्यासमोरून गेले. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जी बसली आहे तिचं नाव दिसतं. पहिल्या पडद्यावर हिचं नाव होतं. दुसऱ्यावर हिचंच. तिसऱ्यापुढे चहाचा कप धरून झाकायचा प्रयत्न झाला, पण तिथेही हिचंच, आणि पुढच्या सगळ्यांवरही.

"हे काय आहे?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातली वयाने मोठी जी होती ती म्हणाली, "ताई, लाहा."

तो शब्द मला ऐकून माहीत होता. डोंगरात कोणाची पेरणी मागे राहिली, कोणाला घर उभं करायचं असलं, की गावातली माणसं एक दिवस त्याच्याकडे जाऊन काम उरकून देतात. मजुरी नाही, त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं आणि उद्या दुसऱ्याची वेळ आली की आपण जायचं. हे शेतात होतं. ते कॉम्प्युटरवर होईल असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी हिच्या एकटीच्या डब्यातली उडदाची डाळ आणि भाकरी खाताना मी पाहत होते आणि ही डबा फार मोठा आणते एवढंच मनात यायचं.

"काम करा की, पण प्रत्येकीने तिच्या नावाने कशाला शिरायचं?"

"तिचं काम तिच्या कपाटात आहे. शेत तिचं, तर तिच्याच शेतात उतरायचं ना, ताई?"

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही रोज मशीनचं विचारायच्या," मोठी म्हणाली. "केबल कोणी ओढली का, ते. आम्ही खरं सांगितलं, नाही ओढली."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. सगळा हिशेब जुळत होता. आठ जणी एकाच नावाने आठ मशीनवर. आठही ठिकाणचा प्रोग्राम सर्व्हरवरच्या त्याच एका छोट्या फाइलीत लिहायला धावतो, ती फाइल विस्कटते आणि मग एकेक करत सगळे बंद. बाकीच्या आपापल्या नावाने बसल्या की त्यांचं नीट चालायचं, म्हणून बिघाड हिचा एकटीचाच दिसायचा. नव्या पासवर्डनंतर एक दिवस शांत का गेला? कारण त्या दिवशी तो हिला एकटीला माहीत होता. संध्याकाळी वसतिगृहात तो सगळ्यांचा झाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हिचं काम बुडालं की त्या आणखी जोराने मदतीला यायच्या, मग ते आणखी बुडायचं.

हसून झाल्यावर मात्र पुढचं दिसलं. बिघाडाचं कारण सांगायचं, तर हेही सांगावं लागणार की हिच्या नावावरचं काम हिने एकटीने केलेलं नाही. सर कोणाला कायम करायचं ते खात्यावरच्या नकाशांवरून ठरवणार होते. मी बिघाड दुरुस्त करून हिची नोकरी घालवणार होते.

ती माझ्या मनातलं ओळखून म्हणाली, "सांगा, ताई. नाहीतर तुम्ही नवीन मशीन मागत बसाल."

मी तिला सोबत घेऊनच केबिनमध्ये गेले आणि पहिल्यापासून सांगितलं. सरांनी पेनचं टोपण लावलं.

"म्हणजे ही कॉपी झाली."

"कॉपी चोरून करतात, सर," मी म्हटलं. "या दिवसाढवळ्या करत होत्या. आपल्याला दिसलं नाही."

सर तिच्याकडे वळले. "यात तुझं स्वतःचं किती?"

"माझ्या नकाशात सगळ्यांचं आहे, सर. सगळ्यांच्या नकाशात माझं आहे. पहिल्या महिन्यात त्या मागे होत्या, तेव्हा मी त्यांच्या मशीनवर बसून काढून द्यायची. आता वेगळं काढून नाही दाखवता येणार."

"मग मी ठेवू कोणाला?"

तिने ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं. सर माझ्याकडे वळले, आवाज खाली आलेला.

"ताई, आते काय करानं ते तूच सांग."

मला असं विचारलं की बरं वाटतं. मी सांगितलं. एक, प्रोग्रामची ती फाइल सर्व्हरवर ठेवायची नाही, ज्या त्या मशीनमध्ये ठेवायची. दोन, गावाच्या नावाने एक सामाईक कपाट, त्यात प्रत्येकीने आपल्या स्वतःच्या नावाने शिरायचं. एकीने नाले काढायचे, दुसरीने शेतं, तिसरीने हद्द. वेगळ्या फाइली, शेवटी एकावर एक ठेवल्या की नकाशा तयार. मदत करा, पण आपापल्या नावाने करा, म्हणजे मशीन भांडणार नाही आणि कोणी काय केलं तेही दिसेल. तीन, हिची परीक्षा पंधरा दिवस पुढे ढकला. एक गाव तिला एकटीला द्या, एक गाव सगळ्यांना मिळून द्या. मग ठरवा.

सरांनी पंधराचे दहा केले. ते प्रत्येक गोष्टीत थोडं कापतातच.

शुक्रवारी मी फाइली हलवल्या, सामाईक कपाट केलं, प्रत्येकीला नवा पासवर्ड दिला आणि हा पासवर्ड वसतिगृहात वाटायचा नाही असं बजावलं. "अंगठी वाटता का? नाही ना? तसंच हे," असं मी म्हटलं, तर एकीने लगेच आपली अंगठी शेजारणीची आहे म्हणून दाखवली. मग मी उदाहरण बदललं.

सोमवारपासून आठही मशीन एकाच गावावर चालू होती. दुपारपर्यंत मी दर थोड्या वेळाने आत डोकावत होते. पडदा पांढरा झाला नाही. संध्याकाळी मोठी म्हणाली, "ताई, तुम्ही अशा उभ्या राहू नका, आम्हालाच भीती वाटते."

तिचं एकटीचं गाव मात्र सावकाश चाललं. ती घाई करत नव्हती. खूण बसवायची, फोटो मोठा करून बघायची, मग पुढची. बाकीच्यांना तिच्याकडे न जाणं फार जड गेलं. एक-दोघी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे उभ्या राहिल्या, तेव्हा तिनेच त्यांना पिटाळलं. नवव्या दिवशी नकाशा सरांच्या टेबलावर गेला. त्यांनी तिथल्या ग्रामसभेच्या माणसाला फोनवर धरून एकेक जागा विचारली. एक शेत नाल्याच्या चुकीच्या बाजूला पडलं होतं. तिने तिथेच बसून ते दुरुस्त केलं आणि पुन्हा विचारलं. बाकीचं बरोबर होतं.

सर म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या तारखेपासून." एवढंच. ते जास्त बोलत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा खोलीतल्या सगळ्या जणी मान खाली घालून अतिशय मन लावून काम करत होत्या, इतकं मन लावून मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तिने मान हलवली आणि मग त्यांच्या बोलीत जो काही गलका उठला त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. खालच्या दवाखान्यातला माणूस वर बघायला आला.

त्याच रविवारी मी तिच्याबरोबर खोली बघायला गेले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या घरामागे एक खोली रिकामी होती, पत्र्याची, पण जमीन चांगली, आणि शाळा दोन गल्ल्यांवर. तिने आधी नळ सोडून पाहिला, मग दार आतून लावून कडी बसते का ते पाहिलं. एका भिंतीपाशी उभं राहून हाताने उंची मोजली. तिथे मुलीचं दप्तर टांगायचा खिळा ठोकता येईल का, असं तिने विचारलं.

"ठोक ना," बाई म्हणाल्या. "पन आधी सांग, कितला जन ऱ्हाशात?"

"आम्ही दोघी," ती म्हणाली.