चौथ्या कपाचा कान

लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, आमची ताई नाकात तेल घालून काम करते, असं चहाच्या गोदामातले हमाल एकमेकांना सांगायचे. ताईच्या कानावर ते जायचं आणि तीही हसायची. वय बावन्न, अंगकाठी सडपातळ, केस घट्ट बांधलेले, आणि अंगाला ना पावडर ना सेंट. काम चहा चाखण्याचं. चाखण्याचं म्हणजे खरं तर हुंगण्याचं, कारण जीभ कडू-तुरट एवढंच सांगते, बाकी सगळं नाक ओळखतं. आलेल्या मालातला कुठला पास आणि कुठला बाद, ते ताईच्या नाकावर ठरायचं. चहाला शेजाऱ्याचा वास फार पटकन लागतो. शेजारी साबण ठेवा, साबणाचा लागेल. रॉकेल ठेवा, रॉकेलचा. एकदा तर कुणाच्या तरी स्वेटरातल्या डांबरगोळीचा वास तिने पोत्यात पकडला होता. तीस वर्षं ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसत होती, आणि ती जागेवर नसतानाही त्या खुर्चीला कुणी टेकत नसे.

तिच्या डावीकडे स्टुलावर तिची सख्खी धाकटी बहीण बसायची. वय चव्वेचाळीस, दोन मुलांची आई, पण लहानपणी पडलेलं नाव सुटलं नाही म्हणून अजूनही चिमणीच. आई गेली तेव्हा चिमणी नऊ वर्षांची होती. ताईने तिच्या वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहूनच गेलं. चिमणीला गोदामात चिकटवलं तेही ताईनेच. चमच्यातला चहा फुर्रकन कसा ओढायचा, तोंडात घोळवून बादलीत कसा थुंकायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. राहायलाही दोघी एकाच इमारतीत, ताई वरच्या मजल्यावर एकटी आणि चिमणी तिच्या बरोबर खाली.

तर असं हे नाक, आणि नेमकं तेच गेलं. साधा ताप आला, चार दिवसांनी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. ताईने चहाचा डबा उघडून नाक खुपसलं, काही नाही. कांदा चिरला; डोळ्यांतून पाणी वाहिलं, वास नाही. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. जगात तिची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती आणि तिच्यामागोमाग खुर्चीही जाणार होती. तिने हे एकाच माणसाला सांगितलं. दार लावून, चिमणीच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं.

चिमणीने तिला सांभाळून घेतलं, ते नाकारून चालणार नाही. टेबलावर चहा ओतून कप मांडायचं काम तसंही चिमणीचंच. मांडता मांडता ती हुंगायची, आणि माल चांगला असला तर कपाचा कान उजवीकडे करायची, बाद असला तर डावीकडे. मग ताई मोठ्या गंभीरपणे चमचा उचलायची, ओढायची, थुंकायची आणि कान बघून निकाल सांगायची. पहिल्या आठवड्यात तर दोघी जिन्यात उभ्या राहून हसून हसून बेजार व्हायच्या.

आणि ताईला वैद्यबाईंकडे नेलं तेही चिमणीनेच. वैद्यबाईंनी अणुतेलाची बाटली दिली. रोज सकाळी उपाशी पोटी, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. सर्दी-ताप असेल तर नाही, आंघोळीवर लगेच नाही. वास परत येईलच असा शब्द देत नाही, पण दिवसातली पंधरा मिनिटं स्वतःला द्या, असं त्या म्हणाल्या. ताईला ते ऐकूनच अवघडल्यासारखं झालं. स्वतःला पंधरा मिनिटं देऊन त्यांचं करायचं काय असतं, हे तिला कुठे ठाऊक होतं.

पण वळण लागलं. साडेपाचला उठायचं, दात घासायचे, बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवायची. कपाळ, गाल, नाकाच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने चोळायच्या. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन तोंडावर धरायचा. मग मानेखाली उशी घेऊन डोकं मागे टाकायचं, नाकपुड्या छताकडे. थेंब मात्र तिला स्वतःला टाकता येईनात. कधी डोळ्यात जायचे, कधी ओठावर. म्हणून चिमणी रोज वर यायची. ताईच्या कपाळावर तळहात ठेवायची, एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीत थेंब सोडायची, मग उलट. ताई डोळे मिटून, गळा उघडा टाकून निवांत पडलेली. घशाशी आलेलं तेल थुंकायचं, कोमट पाण्याने गुळण्या करायच्या, की झालं. गुळण्या संपल्या की चिमणी विचारायची, “काही वास?” ताई मान हलवायची. “येईल गं,” म्हणत चिमणी तिच्या गालावर एक चापट मारायची आणि मुलांचे डबे भरायला खाली पळायची.

खरं सांगायचं तर ताईला वासापेक्षा त्या तळहाताचीच जास्त सवय लागली होती. आईमागे तिच्या कपाळावर हात ठेवणारं कोण होतं? वासाचं जाऊ दे, हे तरी राहू दे, असंही तिच्या मनात एखाद्या दिवशी येऊन जायचं.

पाच महिने असे गेले. मग एक दिवस मालक एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन टेबलाशी आले. ताईने बारा कप धडाधड निकालात काढले. गिऱ्हाईक थक्क झालं, असं नाक आपण आयुष्यात बघितलं नाही म्हणालं. मालक फुशारले, ताईंना आम्ही अजून सात-आठ वर्षं तरी उठू देत नाही म्हणाले. ताई लाजली आणि म्हणाली की काही नाही हो, सवय आहे. चिमणी तेव्हा पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. ताईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यात बघण्यासारखं काही असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांची गोष्ट. ताईने बाटलीचं बूच काढलं आणि थबकली. काहीतरी होतं. कडवट, तिळाच्या तेलासारखं, मागे कसलीतरी मुळी उगाळल्यासारखं. तिने बाटली नाकाशी नेली, लांब धरली, परत नेली. वास होता. मग सगळे एकामागून एक आले. उशीच्या अभ्र्याचा, भिंतीतल्या ओलीचा, खालच्या दोरीवरच्या साबणाच्या कपड्यांचा. तेलाने आला म्हणा, काळाने आला म्हणा, आला. ताई पलंगावर बसून लहान पोरीसारखी रडली.

तेवढ्यात जिन्यात चिमणीची पावलं वाजली आणि ताईच्या डोक्यात गंमत शिरली. आत्ता सांगायचं नाही. टेबलावर कपाच्या कानाकडे न बघता धडाधड निकाल सांगायचे आणि चिमणीचं तोंड बघायचं. तिने चेहरा पुसला, डोकं मागे टाकलं. थेंब पडले, गुळण्या झाल्या.

“काही वास?”

“नाही गं.”

“येईल गं,” चिमणी म्हणाली, गालावर चापट मारली आणि गेली. ताईला उशीत तोंड खुपसून हसावं लागलं.

टेबलावर आठ कप होते. मालक आज मागे येऊन उभे होते, पण ते अधूनमधून यायचेच. पहिला कप छान, दुसरा जरा जळका, तिसरा ठीक. ताईने कानाकडे न बघता सांगितलं आणि मग चोरून बघितलं, तिन्ही बरोबर. चौथ्या कपावर झाकण तसंच होतं. चिमणी झाकण ठेवून कधी कप मांडत नसे. ताईने झाकण उचललं आणि भपकन फिनेलचा वास आला, धुतलेल्या फरशीचा असतो ना, तस्सा.

कान उजवीकडे होता.

आधी तिला वाटलं, नाकच खोटं बोलतंय. नवीन आलेलं नाक, त्याचा काय भरवसा. त्यापेक्षा चिमणीचा भरवसा धरायचा. बघा, इतका विश्वास. तिने पुन्हा हुंगलं. फिनेलच. हा वास गोदामाच्या दारातल्या पहारेकऱ्यालाही आला असता, चिमणीला न येण्याचा प्रश्नच नव्हता. तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणी वहीत काहीतरी लिहीत होती आणि तिचं पेन एकाच जागी फिरत होतं.

“चौथा बाद,” ताई म्हणाली. “फिनेल आहे यात.”

मालकांनी मोठा निःश्वास टाकला आणि ओशाळं हसले. म्हणाले, “माफ करा ताई, मलाच लाज वाटते. तुमची ही बहीण आठ दिवस माझ्या मागे लागली होती, की तुम्हाला सहा महिने वासच येत नाही. हवं तर तपासून बघा म्हणाली. कपात फिनेलचा थेंब तिनेच टाकला.”

ताई मोजत होती. आठ दिवस म्हणजे आठ सकाळी. आठ सकाळी ती गळा उघडा टाकून पडली होती, कपाळावर तो तळहात होता, आणि “काही वास?” असं विचारणारी चिमणी तिच्या नाकाची काळजी करत नव्हती, ते अजून मेलेलंच आहे ना, याची खात्री करून घेत होती. आज सकाळीही केली आणि मगच खाली गेली. केसाने गळा कापतात तो असा.

मालकांचा सूर आता बदलला होता. सख्ख्या बहिणीवर असा आळ घेणारी बाई आपल्याला इथे नको, उद्यापासून येऊ नकोस, असं ते चिमणीला सुनावत होते. चिमणी हातातल्या फडक्याला पीळ घालत उभी होती. ताई गप्प बसली असती तर सगळं मिटलं असतं. खुर्ची राहिली असती, नाव राहिलं असतं, शिवाय नाकही परत आलेलं. तुम्ही-आम्ही गप्पच बसलो असतो.

“ती खोटं बोलली नाही,” ताई म्हणाली. “मला वास आज सकाळी आला. सहा महिने तुमचा माल हिच्या नाकावर पास झालाय.”

मग ती उठली. आपला चमचा पुसून चिमणीच्या पुढ्यात ठेवला.

“खुर्ची मागायचीस ना गं. मागितली असतीस तर उठले असते मी.”

आणि ती निघाली. खरंच उठली असती का? वाटेत ताईने स्वतःला हे चारदा विचारलं आणि चारही वेळा उत्तर देणं टाळलं. गिऱ्हाइकाचं कौतुक तिला आठवलं. पाठमोरी चिमणी आठवली, तिच्या हातातले कप आठवले. चिमणीचं दुखणं तिला कळत नव्हतं असं नाही. पण दुखलं होतं तर भांडायचं होतं, जिन्यात उभं राहून दोन शिव्या द्यायच्या होत्या. रोज येऊन कपाळावर हात कशाला ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच उठली. कामावर जायचं नव्हतं, कुठल्या कपाला आता तिचं नाक नको होतं, तरी तिने बाटली गरम पाण्यात ठेवली. दाराशी पावलं वाजली. चिमणी उंबऱ्याबाहेर उभी होती, डोळे सुजलेले, हातात गरम पाण्याची वाटी. आत ये असं ताई म्हणाली नाही.

“रोज विचारायचीस, काही वास म्हणून,” ताई म्हणाली. “ते कशासाठी गं?”

चिमणी वाटीकडे बघत राहिली. “आधी मनापासून विचारत होते, ताई.”

“आणि नंतर?”

चिमणीने वाटी या हातातून त्या हातात घेतली. जिन्यातून एक वास वर येत होता, अगदी बारीक, आत्ताच सुरू झालेला. ताईने तो ओळखला. चिमणीला अजून लागला नव्हता.

“खाली दूध करपतंय तुझं,” ताई म्हणाली. “जा.”

चिमणीने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि ती धावत खाली गेली. ताईने वाटी आत घेतली नाही. तिने दार लावलं, मानेखाली उशी घेतली, डोकं मागे टाकलं आणि बाटली स्वतःच नाकाशी धरली. पहिला थेंब डोळ्यात गेला. दुसरा बरोबर पडला.